बारा स्पीकर आणि एक तंबोरा

आमची जुनी गाडी बारा वर्षांची झाली तेव्हा तिच्या चार स्पीकरपैकी एकच वाजत होता. डावीकडच्या मागच्या दारातला. त्या दाराशी बाबा बसायचे. त्यामुळे गाडीत जे काही लागे ते बाबांच्या मांडीवरच लागे, आणि बाकीच्यांना ते शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू येई. नवरा म्हणायचा, "बरं आहे की, ज्यांना गाणं कळतं त्यांच्याजवळच वाजतंय."

आई गेल्यावर बाबा मिरज सोडून आमच्याकडे मल्लेश्वरमला आले, त्याला आता तीन वर्षं झाली. त्याआधी आमचं मिरजेला जाणं म्हणजे राणी चन्नम्मा. रात्री बेंगळुरूला बसायचं, दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरायचं, बाबा जंक्शनवर उभे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्याच जंक्शनच्या पार्सल ऑफिसात काढली, त्यामुळे गाडी कितीही उशिरा आली तरी ते किती उशिरा येणार हे त्यांना आमच्या आधी ठाऊक असे. आता त्यांचे गुडघे बर्थवर चढू देत नाहीत. मिरजेचं घर अजून आहे, बंद असतं, म्हणून वर्षातून तीनचारदा आम्ही पाच जण गाडी काढतो. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड, बेळगाव, मग संकेश्वरला हायवे सोडून चिकोडीवरून मिरज. सहाशे किलोमीटर धरा. अकरा-बारा तास. तेवढे तास आम्ही पाच जण एका खोलीत एरवी कधीही बसत नाही.

तर नवी गाडी घ्यायची ठरली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या एसयूव्हीवर सेससकट पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा कर चाळीसवर आला आणि शहरातली सगळी शोरूम मंगल कार्यालयांसारखी दिसू लागली. आमच्या घरातही मागण्यांच्या याद्या झाल्या. नवऱ्याला सहा एअरबॅग आणि चांगली डिकी हवी होती. तो बेळगावचा, गाडीत सामान मावलं नाही तर त्याला ती गाडी वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला आवाज हवा होता, आणि कोणत्या कंपनीचा हेही तिला माहीत होतं. नऊ वर्षांच्या मुलाला पुढच्या सीटच्या पाठीमागे स्क्रीन हवी होती. न्यू जर्सीला माझ्या नणंदेच्या व्हॅनमध्ये त्यानं ती बघितलेली. मला काही नको होतं, म्हणजे माझ्या मनातलं मला सांगता येत नव्हतं. बाबांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते "असू दे, असू दे" म्हणाले असते.

गाडीच्या जाहिरातीत ऑप्शन हा शब्द असतो, पण आपल्याकडे खरं तर ऑप्शन नसतो, थाळी असते. अमेरिकेत यादीतून हवं ते बऱ्याच प्रमाणात निवडता येतं. इथं तुम्हाला चांगला आवाज हवा असेल तर त्याबरोबर काचेचं छप्पर, वारा सोडणाऱ्या सीटा, आत रंगीत दिवे आणि हात न लावता उघडणारी डिकी हे सगळं वाढलं जातं. पापड नको म्हणून भाव कमी होत नाही. शिवाय कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला आजीवन रोड टॅक्स १७ टक्के, वीसच्या वर गेलं की १८, आणि त्या टॅक्सवर पुन्हा सेस. आम्ही बघत होतो त्या गाडीचं मधलं मॉडेल १९ लाख ४० हजारांचं, वरचं २१ लाख २० हजारांचं. कागदावर एक लाख ऐंशी हजारांचा फरक. टॅक्स लावून तो दोन लाख सदतीस हजारांच्या आसपास गेला, विमा वेगळा. हा हिशोब नवऱ्यानं दुधाच्या पिशवीवर केला आणि फ्रिजला चिकटवला. गाडीचं नाव सांगत नाही. ज्यांनी या वर्षात गाडी बघितलीय त्यांना आकड्यांवरून कळेलच.

स्पीकरच्या जाळीवर नाव असतं. बोस, सोनी, जेबीएल, हार्मन कार्डन. शेवटची दोन नावं एकाच घरातली, आणि ते घर २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीचं. त्या त्या गाडीच्या पोटाच्या आकाराला बेतून कारखान्यातच ध्वनियंत्रणा बसवण्याची रीत अमर बोस यांच्या कंपनीनं जनरल मोटर्सबरोबर १९८३च्या मॉडेलांत आणली. कल्पना खरोखर हुशारीची आहे. गाडी ही गाणं ऐकायला सगळ्यात वाईट खोली. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला कापड, ऐकणारा कधीच मधोमध नाही, उजवा स्पीकर गुडघ्याला आणि डावा दीड मीटर लांब. पण ती खोली हजारो लोकांच्या घरी हुबेहूब तशीच असते. म्हणून एकदा मापं घेतली की जवळच्या स्पीकरचा आवाज काही सहस्रांश सेकंद मागे खेचून दोन्ही बाजू कानाशी एकाच वेळी पोचवता येतात. बाहेरून बसवणाऱ्याला हे प्रत्येक गाडीत नव्यानं करावं लागतं.

बाहेरून बसवणारे म्हणजे आमच्याकडे जे.सी. रोड. जयचामराजेंद्र रोडवर एका अंगाला रवींद्र कलाक्षेत्र आहे आणि पुढं ओळीनं गाड्यांच्या सुट्या भागांची, सीटकव्हरांची, स्टिरिओची दुकानं. नाटक बघून बाहेर पडलं की कुणीतरी कुणाच्या तरी डिकीत सबवूफर बसवून बघत असतं. एका शनिवारी आम्ही तिथं गेलो. दुकानदार वयस्कर होता, दखनी हिंदीत बोलत होता, मधूनच कन्नडमध्ये पोरांना ओरडत होता. आम्ही स्पीकर विचारले तर त्यानं आमच्या जुन्या गाडीच्या दारावर बोटानं टकटक केलं. पत्र्याचा पोकळ आवाज आला. "पहले दरवाजे को चुप कराओ," तो म्हणाला. दार हा पत्र्याचा डबा आहे. स्पीकर त्याच्यात बसतो आणि डबाच जास्त वाजतो. आतून काळ्या रबरासारखे जाड चिकट पट्टे मारले तर रस्त्याचा आवाजही कमी होतो आणि कंपनीचेच साधे स्पीकर बरे वाजतात. आणि वायर कापायची नाही, कपलरला कपलर लावायचा, नाहीतर वायरिंगची वॉरंटी जाते. चहा पाजला, काहीच विकलं नाही. मुलीला तो माणूस आवडला नाही. तिच्या मते तो जुन्या काळातला होता.

मागच्या स्क्रीनचं काय ते थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो आणि त्यात सगळ्यात कमी होतं. आपल्याकडे कारखान्यातून मागच्या स्क्रीन घेऊन येणाऱ्या गाड्या थोड्या आणि महाग. किआच्या कार्निव्हलच्या वरच्या मॉडेलात २०२० साली दोन आल्या होत्या. बाकी ठिकाणी शोरूमवाला 'ॲक्सेसरी' म्हणून हेडरेस्टमागे टॅब्लेटसारखं काहीतरी लावून देतो. ज्या गाडीचे सुरक्षेचे तारे आपण कौतुकानं मोजले ती गाडी हा तुकडा लावून आपटलेली नसते. नऊ वर्षांच्या पोराचं कपाळ ब्रेक मारल्यावर नेमकं कुठं येतं ते मी घरी खुर्च्या मांडून मोजलं. नवरा हसला, पण त्यानंही मोजलं. त्यातून सकलेशपूरच्या पुढच्या घाटात मैत्रिणीच्या गाडीत आम्ही मुलाच्या हातात टॅब्लेट देऊन बघितला होता. वीस मिनिटांत तो पांढरा पडला आणि नंतरचं सांगण्यासारखं नाही. कानाच्या आत ज्या अर्धगोल नळ्या असतात त्या शरीराला सांगतात की आपण वळतोय, आणि डोळे स्क्रीनला चिकटून सांगतात की आपण जागच्या जागी आहोत. दोघांत एकमत झालं नाही की पोट निकाल देतं. पोराला हे पटलं नाही. त्याच्या मते दोष घाटाचा होता.

नणंदेच्या व्हॅनमधल्या एका गोष्टीचा मात्र मला हेवा वाटला. होंडाच्या ओडिसीमध्ये केबिनटॉक म्हणून एक सोय असते. पुढं बसलेल्यानं बटण दाबून बोललं की आईचा आवाज सरळ मागच्या स्पीकरांतून, मुलांच्या हेडफोनमधून येतो. टोयोटाच्या सिएन्नातही असंच काही आहे. या गाड्या आपल्याकडे मिळत नाहीत. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, ओरडून ओरडून माझा घसा बसायचा, तो बंद झाला बघ." मी ते मुलांच्या संदर्भात ऐकलं. बाबांच्या संदर्भात ऐकायला हवं होतं, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

बाबा गाडीत गप्प असत. पूर्वीचे बाबा असे नव्हते. रस्त्यावरचं प्रत्येक स्टेशन, प्रत्येक जंक्शन, कुठली लाइन कधी मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, हे सगळं ते न विचारता सांगत. आई गेल्यावर ते बंद पडलं. खिडकीतून बघत राहायचे. आपण काही बोललो तर हसून मान हलवायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे दुःख आहे, आणि दुःखाला हात लावू नये. कधीमधी विचित्र व्हायचं. "बाबा, थांबायचं का?" असं मी विचारलं की ते म्हणत, "काय सांगायचं आता!" आणि पुन्हा बाहेर बघत. मला त्या उत्तरात केवढं तरी काही दिसे. मी एकदा ते नवऱ्याला सांगताना रडलेही.

शोरूममध्ये त्यांना नेलं ते मुलीच्या हट्टानं. आजोबांना गाण्याचं कळतं, तेच सांगतील कोणता आवाज चांगला, असं तिचं म्हणणं. बाबा गात नाहीत, वाजवत नाहीत. पण मिरज दोन गोष्टींची, दवाखान्यांची आणि तंतुवाद्यांची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी बाबांनी कात्रण काढून ठेवलीय. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सतारमेकरांचं दुकान होतं. संध्याकाळी ड्यूटी सुटली की बाबा घरी यायच्या आधी तिथं तासभर बसत. भोपळे टांगलेले, तुणाच्या लाकडाचा भुसा, सरसाचा वास. मी त्यांना जेवायला बोलवायला जायची तेव्हा एक जण घोडीवर कानशीनं इतकं हळू घासत असे की घासतोय की नुसता हात ठेवलाय ते कळू नये. तो जवारी काढत असे. घोडीचा माथा किंचित कललेला ठेवायचा, तार त्याला पुरती टेकताही कामा नये आणि सुटताही. मग तिच्याखाली सुताचा धागा सरकवत सरकवत अशी जागा शोधायची की तार नुसती वाजत नाही, ती उघडते, झिणझिणते. ते झिणझिणणं म्हणजे जवारी. ते नसेल तर तंबोरा म्हणजे भोपळ्याला बांधलेल्या चार तारा. दुकानातले लोक धाग्याच्या जागेबद्दल बाबांना विचारत. "पार्सलवाले, बघा हो जरा." ते म्हणत, अजून एक सूतभर वर. बाबांच्या आयुष्यात त्यांना इतक्या मानानं दुसरं कुणी काही विचारलं नसावं.

त्यांच्याकडे तिथलाच एक तंबोरा आहे, मिरजेच्या घरात, कपाटावर, गवसणीत. मागच्या उन्हाळ्यात मुलीनं तो लावून घेतला आणि पहाटे व्हरांड्यात बसून फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड केला. शोरूममध्ये तिनं तोच लावला. ब्लूटूथवर नाही, वायरनं, तिचं असं काही पक्कं असतं.

सेल्समन बिचारा दुसऱ्याच तयारीत होता. त्याच्याकडे त्याची गाणी होती, ज्यांत आरसे थरथरतात. "सौंड सूपर इदे सार," असं तो म्हणेपर्यंत गाडीत पंचम वाजला, मग जोड, मग खर्ज. काचा वर होत्या. बारा स्पीकर. मला तर ते ऐकून अंगावर काटा आला. खर्जाची तार एवढ्या खाली असते की साध्या स्पीकरातून तिचा मूळ स्वर नीट निघतच नाही; कान वरच्या स्वरांवरून तो आपल्या मनानं भरून घेतो. इथं तो खराच निघत होता. आणि त्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार, जो कुणी वाजवलेला नसतो, तोही समोरच्या काचेवर कुठंतरी लटकत होता. बाबांनी डोळे मिटले. दोन आवर्तनं झाली, तीन झाली.

"गंधार छान आहे," ते म्हणाले. "जवारी उतरलीय."

सेल्समननं सेटिंग बदलली. वरचे स्वर वाढवले. मुलीनं कपाळाला आठ्या घातल्या, इतका आवाज टोचायला लागला. बाबा म्हणाले, "नाही. जवारी नाही."

आम्ही दुसऱ्या शोरूमला गेलो. नऊ स्पीकर. बाबा म्हणाले, जवारी उतरलीय. तिसऱ्या ठिकाणी दहा होते. तिथंही तेच. मुलगी खट्टू झाली, तिला वाटलं तिचं रेकॉर्डिंगच वाईट आहे. मग ती एकदम म्हणाली, "पण आजोबा, तो पक्षी बघा किती क्लिअर येतोय."

त्या पहाटे आमच्या अंगणातल्या आंब्यावर दयाळ शीळ घालत होता. तंबोऱ्याच्या मागं तो सगळीभर आहे, वर चढतो, वळसा घेतो, थांबतो. तीन गाड्यांत मिळून आम्ही तो वीसेक वेळा ऐकला होता.

"कुठला पक्षी?" बाबांनी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. मुलानं बोलायला तोंड उघडलं आणि ताईनं त्याचा हात दाबला, एवढं मी आरशात बघितलं. सेल्समननं आवाज वाढवला.

कानाच्या तपासणीचा आलेख डावीकडून उजवीकडे बघायचा असतो, पेटीच्या पट्ट्यांसारखा. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. बाबांची रेघ डावीकडे जवळजवळ सपाट होती, एक हजारापर्यंत ठीक, आणि मग आंबोलीच्या घाटासारखी खाली. ऑडिओलॉजिस्ट तरुण मुलगी होती, कन्नड-इंग्रजीत बोलत होती, नवरा मराठीत करून सांगत होता. ती म्हणाली, वयानं जाणारं ऐकू येणं वरच्या बाजूनं जातं. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, 'आ', 'ओ', ते खाली असतात. अर्थ मात्र व्यंजनांत असतो, आणि स, श, थ, फ, त हे सगळे उजवीकडे, घाटाखाली. त्यामुळे यांना तुम्ही बोलताय हे ऐकू येतं, काय बोलताय ते येत नाही. शांत खोलीत ओठ बघून भागतं. गाडीत टायरचा घुमणारा आवाज राहिलेलंही झाकतो, आणि पुढच्या माणसाचे ओठ पुढं असतात.

थांबायचं का. सांगायचं काय. मी घरी येऊन आरशासमोर दोन्ही म्हणून बघितलं. स्वर सगळे तेच आहेत.

तीन वर्षं मी ज्याला दुःख म्हणत होते त्यातलं किती दुःख होतं आणि किती टायर, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. दुःख नव्हतं असंही म्हणणार नाही. पण मी विचारलं नव्हतं, कारण न विचारण्यात मला एक प्रकारचा शहाणपणा वाटत होता.

मग गाडीचं ठरवणं सोपं झालं, निदान मला. मुलीला नाही. आम्ही मधलं मॉडेल घेतलं, सहा स्पीकर, जाळीवर नाव नाही, मागं स्क्रीन नाही. मुलगी दोन दिवस जेवताना बोलली नाही, आणि तिची बाजू अगदीच चूक होती असं नाही. गाणं गंभीरपणे ऐकणारं घरात आता तिच्याशिवाय कोण आहे? पण फ्रिजवरच्या त्या दोन लाख सदतीस हजारांत बाबांच्या दोन्ही कानांची यंत्रं झाली, त्यांच्याबरोबरचा एक छोटा माईक झाला, जे.सी. रोडवर दारं गप्प करून झाली आणि वर थोडे पैसे उरले. हेही तेव्हाच कळलं की गाडीतल्या स्पीकरवर गाडीबरोबर चाळीस टक्के कर भरावा लागतो आणि कानाच्या यंत्रावर शून्य. सरकारचं काहीतरी बरोबर आहे म्हणायचं. दुकानदारानं आम्हाला ओळखलं. गाडीचे दारांचे आतले पत्रे उघडे टाकून त्याची पोरं पट्टे लाटण्यानं लाटत होती, अगदी पोळीसारखे, आणि तो म्हातारा बाबांना खुर्ची देऊन बसला होता. दोघं काय बोलले माहीत नाही. बाबा त्याला टकटक करून दाखवत होते.

यंत्रं लावली की झालं, असं नसतं. पहिला आठवडा बाबांचा फार वाईट गेला. प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली की ते दचकत. स्वतःच्या चावण्याचा आवाज त्यांना सहन होईना. वर्तमानपत्राचं पान उलटलं की, "अगं काय ते!" मेंदूला विसरलेले आवाज परत शिकावे लागतात म्हणे, महिनोन्‌महिने. त्यांना तंबोरा ऐकवला नाही. त्यांनी मागितला नाही.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस आम्ही पहाटे पाचला निघालो. पीण्याचा उड्डाणपूल रिकामा होता. दारं खरोखर गप्प झाली होती. जुन्या गाडीत ऐंशीच्या वर बोलायला ओरडावं लागे, इथं नवरा नेहमीच्या आवाजात बोलत होता. तुमकूरपर्यंत बाबांनी इंडिकेटरच्या टकटकीची तक्रार केली. सिऱ्याला यंत्रं काढून डबीत ठेवली. चित्रदुर्गाच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा परत घातली. दावणगेऱ्याला लोणी डोसा खाल्ला. तिथून निघताना मुलीनं ओढणीला लावायचा तो माईक माझ्या ओढणीला लावला, म्हणाली, आई, हा असू दे, बोललीस की थेट आजोबांच्या कानात जाईल. मुलगा मागच्या रांगेत आडवा झाला होता. बाबा हरिहरजवळ म्हणाले, "इथं किर्लोस्करांचा लेथचा कारखाना होता," आणि मी मागं वळून बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावर न विचारता निघालेलं वाक्य होतं ते. त्यांचं लक्ष बाहेर होतं.

माईकचं मी विसरले. राणेबेन्नूर गेल्यावर नवऱ्यानं हळू आवाजात विषय काढला. मिरजेच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. चांगला भाव देत होता. बांधकामवाला होता, आंबा काढणार हे उघड होतं. आम्ही हे गाडीतच बोलत आलो होतो नेहमी, पुढच्या दोन सीटांवर, कारण घरात भिंतींना कान असतात आणि गाडीत बाबांना ऐकू जात नसे. जात नसे हे आम्हाला कधी नीट कळलं नव्हतं, पण आम्ही त्याचा उपयोग मात्र करत होतो. नवरा म्हणाला, बाबांना आत्ता नको सांगायला. मी म्हटलं, हो, आधी टोकन होऊ दे, मग बघू. शिवाय त्यांना आता तिथं राहायचंय थोडंच. एवढं सगळं मी माझ्या साध्या, हळू, नेहमीच्या आवाजात बोलले.

दोनएक किलोमीटर गेले असतील.

"मला मागं बसवून पुढं बोलू नका," बाबा म्हणाले. चिडून नाही. पार्सलची पावती चुकली तर समोरच्या माणसाला सांगावं तसं. "घर विकायचं तर मला पुढं बसवून सांगा."

नवऱ्यानं काही न बोलता इंडिकेटर दिला. हावेरीच्या अलीकडे चहाची टपरी होती, तिथं आम्ही थांबलो. चहा झाला. मी पुढचं दार उघडून धरलं आणि बाबा पुढं बसले. पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. मी मागं मुलीशेजारी बसले. ओढणीवरचा माईक तसाच होता. काढावा की ठेवावा मला कळेना, मग मी तो काढून नवऱ्याच्या कॉलरला लावला.

गाडी निघाली. पुढं दोघं बोलायला लागले. बाबांचा हात मधूनमधून वर उठत होता, आंब्याएवढं काहीतरी दाखवत होता. मी पुढं झुकले. मुलीनं एका कानातला हेडफोन काढून विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, कळत नाही. दारं गप्प होती तरी मागच्या चाकांचा आवाज राहतोच, आणि त्यांची तोंडं पुढं होती. धारवाड येईपर्यंत मला त्यातलं एक वाक्यही ऐकू आलं नाही.